गरम तोंड कोणाकडे?

दिवाळी अंकात उन्हाळ्याचा विषय काढणे म्हणजे लग्नाच्या पंगतीत सुतकाची गोष्ट काढण्यासारखे आहे, हे मला कळते. समोर फराळाचे ताट आहे, पहाटे अभ्यंगाच्या वेळी अंगावर थोडा तरी काटा उभा राहतो आहे, आणि हा मास्तर एसीचे पुराण लावून बसला आहे! परंतु मी ही वेळ जाणूनबुजून साधली आहे. दुकानदार सवलतीचे फलक लावतात ते ह्याच दिवसांत, बोनसचे पैसे हाती येतात तेही ह्याच दिवसांत, आणि 'येत्या उन्हाळ्याच्या आत घरात एसी आलाच पाहिजे' हा ठराव घरोघर एकमताने संमत होतो तोही बहुधा फराळाच्या ताटावरच. मग यंत्र कोणते घ्यावे ह्यावर महिनाभर खल चालतो. मेव्हण्याचा सल्ला घेतला जातो, कचेरीतल्या जाणत्याला विचारले जाते, तारे मोजले जातात, हप्ते मोजले जातात. ते यंत्र घरात कोठे बसवायचे हा प्रश्न मात्र मेकॅनिक हातात ड्रिल घेऊन उभा राहीपर्यंत कोणाच्या मनातही येत नाही. तो विचारतो, "कुठं मारू?" आणि घरातला कर्ता पुरुष भिंतीकडे बोट दाखवतो.

माझे भांडण त्या बोटाशी आहे. आणि आरंभीच कबूल करून टाकतो की आमच्या घरात ते बोट माझेच होते.

आम्ही डोंबिवलीस एका चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. दिवाणखाना पश्चिमेचा. दुपारी तीनपासून सूर्य आमच्याकडे पाहुणा म्हणून येतो तो सात वाजेपर्यंत उठत नाही. दिवाणखान्यात माझे पुस्तकांचे कपाट आहे, लिहिण्याचे टेबल आहे, आणि आल्यागेल्याला बसायला दोन खुर्च्या व एक दिवाण आहे. कपाटाच्या वर दीड टनाचे पांढरे यंत्र किती शोभून दिसेल, ह्या कल्पनेने मी सुखावून गेलो होतो. शोभेचा हा सोस आपल्याकडे जुना आहे. रेडिओ आला तेव्हा त्याला विणलेले पांघरूण घालून आपण तो दिवाणखान्यात मांडला. फ्रिज आला तेव्हा स्वयंपाकघर सोडून तोही बाहेरच्या खोलीत विराजमान झाला. पाण्याची बाटली आणायला गृहिणीने पाहुण्यांच्या पायांवरून ये-जा केली, पण फ्रिज मात्र चारचौघांत राहिला. एसीची पाळी आली तेव्हा मी काही वेगळा निघालो नाही.

माझे बोट भिंतीकडे वळले तेव्हा आमच्या सौ. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी एवढेच विचारले, "अहो, ह्याचं गरम तोंड कुठं येणार?"

"डक्टमध्ये," मी म्हणालो. "सोसायटीचा नियमच आहे तसा."

"म्हणजे माझ्या तोंडावर."

माझे विज्ञान शाळेच्या क्रमिक पुस्तकापुरतेच. पण जेवढे आहे तेवढ्यावरूनही त्या बोलण्यातले तथ्य नाकारता येईना. लोकांचा समज असा की एसी गारवा उत्पन्न करतो. तसे काही नाही. तो खोलीतली उष्णता उचलतो आणि भिंतीपलीकडे नेऊन टाकतो. घर झाडून केर शेजाऱ्याच्या उंबऱ्याशी लोटणारी एखादी मोलकरीण असावी, तसा त्याचा कारभार. शिवाय केर लोटताना स्वतःचा म्हणून आणखी थोडा केर ती त्यात घालते, कारण यंत्र जी वीज खाते तिचीही अखेर उष्णताच होते. एका टनाचे यंत्र तासाला बारा हजार बीटीयू, म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॅट, एवढ्या वेगाने उष्णता बाहेर काढते. (हा 'टन' यंत्राच्या वजनाचा नव्हे, एक टन बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते त्यावरून हे माप पडले आहे.) दीड टनाचे म्हणजे सव्वापाच किलोवॅट. त्यात यंत्राने खाल्लेली सुमारे दीड किलोवॅट वीज मिळवा. पूर्ण जोराने चालताना असे एक यंत्र हजार वॅटच्या सहा-सात विजेच्या शेगड्या बाहेर पेटवून ठेवते. आपण आत 'हाश्श' म्हणून पाय पसरतो तेव्हा भिंतीपलीकडे हा वणवा चाललेला असतो, आणि तो कोणाच्या तरी नाकासमोर चाललेला असतो.

आमच्या इमारतीत तो ज्या डक्टमध्ये पेटावा असा सोसायटीचा हुकूम आहे, ती डक्ट म्हणजे इमारतीच्या पोटातला एक चिंचोळा उभा बोगदा. सांडपाण्याचे नळ त्यातून उतरतात, कबुतरे त्यात संसार थाटतात, आणि चारही मजल्यांच्या स्वयंपाकघरांच्या व न्हाणीघरांच्या खिडक्या त्यात उघडतात. दर मजल्यावर दोन बिऱ्हाडे; प्रत्येकाने एकेक दीड टनी यंत्र तेथे टांगले तर उन्हाळ्याच्या रात्री त्या बोगद्यात पन्नासावर शेगड्या पेटल्या असे समजा. वर पोळ्यांचा तवा, फोडणी, कुकरची वाफ आहेतच. ही व्यवस्था कशासाठी? तर सूचनाफलकावरच्या कागदात कारण दिले आहे: 'इमारतीच्या दर्शनी भागाचे सौंदर्य अबाधित राहावे म्हणून'.

दर्शनी भाग! मंडळी, आमच्या इमारतीचा दर्शनी भाग आपण पाहिलेला नाही म्हणून सांगतो. तेथे वाळत घातलेल्या चादरी आहेत, गंजलेल्या ग्रिल आहेत, दोन राजकीय पक्षांचे झेंडे आहेत, आणि चौथ्या मजल्याच्या गळतीने उमटलेला एक भला मोठा डाग आहे. त्या सौंदर्याला तडा जाऊ नये म्हणून आठ बायकांनी धगीत उभे राहावे. बायकाच म्हणतो, कारण ज्या समितीने हा नियम केला तिच्यात स्वयंपाकघरात रोज दोन तास उभे राहणारे कोणीही नव्हते. रस्त्यावरून जाणाऱ्या परक्याच्या डोळ्यांना टोचू नये ह्याची काळजी, आणि घरातल्या माणसाच्या तोंडावर झळा आल्या तर त्याची खंत नाही!

बरे, सौंदर्याची किंमत सौंदर्यवाद्यांनाही मोजावी लागते. कोंडलेल्या जागेत यंत्राने फेकलेली गरम हवा पुन्हा त्याच्याच पोटात शिरते. बाहेरची हवा जितकी तापलेली, तितके त्याला उष्णता टाकणे जड जाते. ते वीज जास्त खाते, गारवा कमी देते, आणि ऐन मे महिन्यात धापा टाकून बंद पडते. मग मेकॅनिकला बोलावणे, गॅस भरणे, कंपनीच्या नावाने बोटे मोडणे! यंत्र निर्दोष असते; आपण त्याला उशीत तोंड खुपसून धावायला सांगितलेले असते.

येथे दुसऱ्या बाजूचे एक गृहस्थ नेहमी उठून उभे राहतात, त्यांनाही उत्तर द्यायला हवे. त्यांचे म्हणणे, हे यंत्रच पाप आहे. आपले वाडवडील एसीवाचून जगलेच ना? जगले खरे. पण ते ज्या घरात जगले त्याच्या भिंती हातभर जाड होत्या, मध्ये चौक होता, माजघरात भर दुपारीही काळोखी गारवा असे आणि जमीन सारवलेली असे. आपण राहतो ती घरे चार-सहा इंची भिंतींची. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री बारापर्यंत धग सोडत असतो. नागपूर-अकोल्याकडे हवा कोरडी, तेथे वाळ्याचे पडदे आणि पाण्याचे कूलर काम करतात, कारण कोरड्या हवेत पाणी झपाट्याने सुकते आणि सुकताना हवेतली उष्णता घेऊन जाते. आमच्या खाडीकाठच्या दमट हवेत अंगचा घामच सुकत नाही, तेथे कूलरचे पाणी काय सुकणार? आमच्या आईने अठ्ठ्याहत्तरी ओलांडली आहे. मे महिन्यात ती रात्रभर पदराने वारा घेत पलंगावर बसून राहते आणि सकाळी विचारले तर म्हणते, "लागली होती की झोप." त्या बाईला वाडवडिलांची गोष्ट सांगण्याचे धैर्य माझ्यात नाही.

गंमत अशी की हे यंत्र आरंभी माणसासाठी निघालेच नव्हते. १९०२ साली अमेरिकेत ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगत आकसत असे आणि एकावर एक छापायचे रंग जागच्या जागी बसत नसत. त्यावर तोड म्हणून विलिस कॅरियर नावाच्या तरुण इंजिनिअराने हवेतला दमटपणा आवरणारी योजना आखली, आणि तिच्यातून आजचा एसी वाढला. म्हणजे पहिली सोय झाली ती कागदाची! आपल्या हातातल्या अंकाचे मुखपृष्ठ पाहताना हे आठवायला हरकत नाही. मला मात्र ते आठवले आणि मी शरमलो, कारण सव्वाशे वर्षांनंतर मीही तेच करीत होतो. यंत्र बसवीत होतो पुस्तकांच्या कपाटावर, आणि आई पलीकडच्या खोलीत पदराने वारा घेत होती.

तरीही मी त्या दिवशी नुसता वरमलो, बदललो नाही. "बघू" म्हणून मेकॅनिकला परत पाठवले एवढेच. माझा विचार बदलला तो पुढल्या आठवड्यात, आणि तोही स्वयंपाकघराच्या खिडकीत.

समोरच्या बिऱ्हाडाचे यंत्र बंद पडले होते. मी पाणी प्यायला आत गेलो तो डक्टमधून आवाज आला, "सर, जरा खिडकी लोटता का? पाय ठेवायचाय." बाहेर पाहतो तो माझाच एक जुना विद्यार्थी! सातवीत मी त्याला मराठी शिकवले आहे. अक्षर गिचमिड, पण निबंध स्वतःच्या मनाने लिहिणारा. तो तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर, एक पाय सांडपाण्याच्या नळाच्या सांध्यावर आणि दुसरा आमच्या खिडकीच्या चौकटीवर ठेवून उभा होता. कमरेला दोर होता. दोराचे दुसरे टोक समोरच्या खिडकीच्या ग्रिलला बांधले होते, आणि त्या ग्रिलचे खिळे मी रोज पाहतो. गंजाने ते केव्हाच अर्धे झाले आहेत. एका हाताने तो यंत्राची जाळी उघडत होता.

"अरे, पट्टा नाही का तुला? डोक्यावर टोप नाही?"

"आहे ना सर, दुकानात. पण ह्या जागेत पट्टा अडकवायचा कशाला? हूक कुठं आहे?"

आणि मग, मला बरे वाटावे म्हणून असेल, तो हसून म्हणाला, "सवय झालीय सर. सगळीकडे असंच टांगतात."

मी त्याची चौकट धरून ठेवली. तिचा त्याला काही उपयोग नव्हता, हे त्यालाही ठाऊक होते आणि मलाही. अर्धा तास मी तसाच उभा होतो. त्या अर्ध्या तासात मला कळून चुकले की मागच्या आठवड्यात मी बोट दाखवले तेव्हा भिंतीवरची एक जागा निवडली असे मला वाटले होते. प्रत्यक्षात मी ह्या पोराने कोठे उभे राहायचे ते ठरवीत होतो. आणि एकदाच नव्हे, वर्षातून दोनदा, यंत्र आहे तोवर. अशा कामात पडून माणूस गेल्याच्या बातम्या वर्तमानपत्रात चार ओळींत येतात. त्या ओळींत 'तोल जाऊन' असे लिहिलेले असते. तोल जाईल अशी जागा कोणी ठरवली, हे कधी लिहिलेले नसते.

तेव्हा माझे म्हणणे स्पष्ट आहे, आणि ते मी सोसायटीच्या सभेतही मांडले. एसीचा बाहेरचा भाग अशाच जागी ठेवावा की जेथे माणूस दोन्ही पाय टेकून उभा राहू शकेल, आणि ज्याचा झोत दुसऱ्याच्या खिडकीत शिरणार नाही. असे ठिकाण घरात नसेल तर आतली जागा बदलावी. तीही न मिळेल तर यंत्र घेऊ नये. आधी बाहेरची जागा, मग आतली भिंत, आणि मग दुकान. आपण नेमके उलट चालतो.

सभेत काय झाले म्हणता? मी शेगड्यांचा हिशेब कागदावर मांडून नेला होता. चिटणीस सज्जन गृहस्थ आहेत, त्यांनी तो शांतपणे वाचला आणि म्हणाले, "सर, तुम्ही कादंबऱ्या लिहिता, म्हणून तुम्हाला जिथंतिथं माणसं दिसतात." सभा हसली. मीही हसलो, कारण वाक्य चांगले होते. पण डक्टमध्ये मला माणूस दिसला तो कादंबरीतला नव्हता. अखेर बरीच वादावादी होऊन मला आमच्या दक्षिणेच्या गॅलरीत यंत्र ठेवण्याची 'तात्पुरती' परवानगी मिळाली. फलकावरचा कागद अजून तेथेच आहे, आणि ह्या लेखाचा अंक मी त्याच्या शेजारी टाचणीने लावणार आहे.

दक्षिणेची गॅलरी आईच्या खोलीला लागून आहे. तिची खोली दहा बाय अकराची. तिला एक टन पुरेसा होतो. दिवाणखाना गार करायचा तर दीड टनही अपुरा पडला असता, कारण तो स्वयंपाकघराला उघडा आहे. म्हणजे शोभेपायी मी जास्त पैसे देऊन कमी गारवा विकत घेणार होतो! शिवाय गॅलरी भिंतीपलीकडेच असल्याने तांब्याची नळी हात-दीड हाताचीच लागली. नळी जितकी लांब आणि वळणे जितकी अधिक, तितके यंत्राचे बळ वाया जाते. ऊनही तेथे आड येत नाही. आमच्या अक्षांशावर मेच्या मध्यास सूर्य थेट डोक्यावर असतो, शून्य सावलीचा तो दिवस. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या गॅलरीवर वरच्या गॅलरीचीच सावली पडते. खरे ऊन पश्चिमेचे. त्यासाठी दिवाणखान्याच्या खिडकीला बाहेरून बांबूची चिक सोडली आणि निम्मी तगमग विजेवाचून गेली. चिक बाहेरून हवी; आतला पडदा ऊन काचेतून घरात आल्यावर त्याला अडवतो, तोवर उशीर झालेला असतो.

आतल्या जागेवरून मात्र आमचे व आईचे वाजले. यंत्राचा झोत निजलेल्या माणसाच्या अंगावर थेट पडू नये, म्हणून मी पलंग फिरवण्याची टूम काढली. त्यात उशी उत्तरेला येत होती. आई म्हणाली, "मला आत्तापासूनच उत्तरेला डोकं करायला लावतोस होय रे?" पलंग जागचा हलला नाही, यंत्र हलले. पलंग पूर्वेच्या भिंतीला, तर यंत्र दक्षिण भिंतीच्या पश्चिम टोकाला, जमिनीपासून सात-आठ फुटांवर. छताला चिकटवू दिले नाही, कारण ते हवा आत ओढते ती वरून. वर वीतभर तरी मोकळीक हवी. गार हवा जड असते, ती वरून सुटली की आपोआप खाली उतरते. पलंगाच्या कडेने ती दाराकडे जाते, आणि आईच्या अंगाला तिचा स्पर्श होतो, मारा होत नाही.

बाहेरचा भाग लोखंडी घोडीवर, तोंड गजांकडे, पाठीमागे हातभर जागा. आमच्या गॅलरीला भरीव कठडा नाही, गज आहेत, हे भाग्य. कठडा असता तर झोत त्यावर आपटून परत आला असता. समोर रस्ता आणि रेनट्रीचा एक मोठा वृक्ष आहे. त्या झाडावर थोडा अन्याय होतो, हे मी नाकारत नाही. पाण्याची नळी उताराने बालदीत सोडली आहे. दमट दिवसांत ती रोज भरते आणि फरशी पुसायला उपयोगी पडते. नाहीतर आमचे पाणी खालच्यांच्या कुरडयांवर पडले असते आणि मग ह्या लेखाऐवजी मला माफीपत्र लिहावे लागले असते. सौ.ची कपड्यांची एक दोरी मात्र गेली. त्याबद्दलची तक्रार अजून चालू आहे आणि ती रास्त आहे.

आणि माझा दिवाणखाना? तो तसाच. हा लेख मी तेथे, पंख्याखाली, पंचा खांद्यावर टाकून लिहीत आहे. यंत्र नवे असताना दोन साहित्यिक मित्र आले होते. "कुठाय तुमचा एसी?" म्हणून त्यांनी चौफेर पाहिले. मी त्यांना आत नेऊन आईच्या खोलीत बसवले. तासभर त्यांनी तिच्याकडून तिच्या माहेरच्या विहिरीची गोष्ट ऐकली. मराठी कादंबरीविषयी त्या दिवशी बोलणे झाले नाही.

२०२० च्या जानेवारीपासून आपल्याकडे नवे एसी चोवीस अंशांवर लावूनच येतात, तसा नियम झाला आहे. आईला चोवीसही सोसत नाहीत. गेल्या एप्रिलात आमचा तो विद्यार्थी सफाईला आला. गॅलरीत चटई टाकून, मांडी घालून त्याने यंत्राची जाळी धुतली. दोर पिशवीतच राहिला. हात पुसत तो आत आला तेव्हा आईने त्याला चहा दिला आणि म्हणाली, "अरे बाळा, जरा सत्तावीस करून दे. आणि ह्याला सांगू नकोस. ह्याला वाटतं, मला गार हवंय."